पोटफोड्या ष

आमची मावशी माणसं काढते. चित्रं नाही, नक्कल. ऑफिसात दिवसभर "हो", "बरं", "करते" एवढ्या तीन शब्दांत भागवणारी ही बाई संध्याकाळी आमच्याकडे जेवायला बसली की एकटीची सात होते. हनुवटी उचलून डोळे अर्धे मिटले की ती संपादक. "थोडक्यात सांगायचं तर..." असं म्हणून तो माणूस जे सुरू करतो ते ताटातलं सगळं गार झालं तरी संपत नाही. एक खांदा खाली टाकून मोबाइल कानात कोंबला की ती वार्ताहर. "साहेब, तुमचं नाव येणार नाही, आईशप्पथ! अहो, आधी सांगा तरी, मग ठरवू कुणाचं नाव टाकायचं!" आई म्हणते, "पुरे गं, घास अडकेल," आणि स्वतःच ठसका लागेपर्यंत हसते.

पण मावशीची खरी करामत म्हणजे मुद्रितशोधक काका.

हे काका त्यांच्या साप्ताहिकात छापायला जाणारा प्रत्येक शब्द वाचून चुका काढतात. वय अडुसष्ट, वरची कवळी सैल. श किंवा ष आला की कवळीच्या फटीतून बारीक शीळ निघते. 'शंभर' म्हणाले की शीळ आणि मागून भर. ऑफिसात त्यांच्या पाठीमागे त्यांना 'शिट्टी' म्हणतात. आणि गंमत अशी की श आणि ष वेगळे आहेत यावर भांडणारा त्या इमारतीत हा एकच माणूस. "शेंडीफोड्या श निराळा, पोटफोड्या ष निराळा! विशेष लिहिताना आधी शेंडी फोडायची, मग पोट!" एका दमात सहा शिट्ट्या. मावशी हे करताना वरचा ओठ असा काही ताणायची की तिच्या तोंडात कवळी दिसायला लागायची. धडधाकट बत्तीस दात असूनही.

ती तिथे टायपिस्ट म्हणून लागली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. शुद्धलेखन तिला काकांनीच शिकवलं. समोर बसवून, लाल पेन हातात देऊन. काका तिला 'पोरी' म्हणतात. म्हणायचे.

ते साप्ताहिक अनोळखी माणसांच्या पत्रांवर चालतं. कुणी काय बघितलं, कुठल्या कचेरीत काय शिजतंय, ते लोक टाइप करून ईमेलने पाठवतात. पाच वर्षांपूर्वी अशाच एका पत्राबरोबर काहीतरी आत शिरलं आणि तीन अंकांचा मजकूर खाऊन गेलं. तेव्हा संपादकांनी कुणालातरी बोलावून सगळ्या कॉम्प्युटरवर एक संशयी जातीची सिस्टिम बसवून घेतली. येणारा प्रत्येक जण चोर आहे असं धरून चालणारी. बसवणारा दोन महिन्यांत दुसरीकडे गेला आणि जाताना एक वही मावशीच्या टेबलावर टाकून गेला. संपादक म्हणाले, "थोडक्यात सांगायचं तर, बाई, आता हे तुमचं." मावशी म्हणाली, "बरं." आणि ती वही तिने पाठ केली.

आम्हाला तिने ती सिस्टिम एकदा समजावून सांगितली होती. "दारात पाहुणा आला ना, की त्याला आपल्या घरात घ्यायचंच नाही. त्याच्यापुरतं एक नवं घर बांधायचं, त्यात बसवायचं, काय म्हणतोय ते ऐकायचं. तो उठला की घर पाडून टाकायचं. त्याने भिंतीवर थुंकलं, चूल फोडली, काय वाटेल ते केलं तरी भिंतच उरत नाही." पत्रावर क्लिक केलं की कॉम्प्युटरच्या पोटात एक कोरा कॉम्प्युटर तयार होतो, पत्र त्यात उघडतं, खिडकी बंद केली की तो पत्रासकट नाहीसा होतो. ऑफिसात त्याला 'टाकाऊ मशीन' म्हणतात.

"आणि घर बांधायचं कशावरून?" बाबांनी विचारलं.

"साच्यावरून. साच्यात जे असेल ते प्रत्येक घरात येतं. साच्यात खिडकी ठेवली तर प्रत्येक घराला खिडकी. आणि कुणी काहीच सांगितलं नाही तर कुठला साचा घ्यायचा, हे एकदा ठरवून ठेवायचं. तो डिफॉल्ट. साच्याला हात फक्त मी लावू शकते."

हे शेवटचं वाक्य तिने कुणाचाही आवाज न काढता म्हटलं.

यंदा साप्ताहिकाच्या विश्वस्तांनी ठरवलं की या कामासाठी एक पक्की जागा काढायची. संगणक विभाग प्रमुख. विभागात माणूस एकच, पण प्रमुख. ती जागा एकतर मावशीला मिळणार होती, नाहीतर सगळंच बाहेरच्या एका कंपनीला देऊन मावशीला परत टायपिंगला बसवणार होते. आणि टायपिंग आता उरलंच नव्हतं, कारण जो तो आपलं आपण टाइप करतो. म्हणजे घरीच. सोमवारी विश्वस्त येणार, मावशी त्यांना सिस्टिम चालवून दाखवणार, कंपनीचा माणूसही समोर बसणार आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने सर्वांत जुना माणूस आपली शिफारस देणार. सर्वांत जुने कोण? काका.

"पोरी, माझी शिफारस शंभर टक्के!" काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मावशीने घरी ते वाक्य शिट्ट्यांसकट तीनदा करून दाखवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात काकांनी तिच्याकडे एक तक्रार केली. टाकाऊ मशीनमध्ये मराठी अक्षरं धड दिसत नव्हती. "ष च्या पोटातली रेघच दिसत नाही गं. त्याचा प होतो. कालच्या पत्रात विषय आहे की विपय आहे, कळेना. डोळे तर गेलेच आहेत, पण निदान अक्षराने तरी मला फसवू नये!" शिवाय शुद्धलेखनाच्या नियमांचा कागद प्रत्येक पत्रासाठी नव्याने उघडावा लागायचा. कारण मशीन कोरं, त्याला कालचं काही आठवत नाही.

मावशी म्हणाली, "करते."

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. दुपारी दोन वाजता सगळे गेले आणि मावशी नवा साचा करायला बसली. इंटरनेट तोडलं, म्हणजे पत्रातलं काही बाहेर निरोप पाठवणार नाही. चांगला ठसठशीत फॉन्ट घातला. मजकूर वाचायच्या प्रोग्रॅमला सांगितलं, मागच्या वेळी जी पानं उघडी होती ती आपणहून उघड. आणि नियमांचा कागद उघडा ठेवला. आता काकांनी कुठलंही पत्र उघडलं की शेजारी नियम हजर. सगळं काकांच्या डोळ्यांसाठी. हे तिने आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं, "सगळं त्यांच्यासाठीच करत होते मी."

मग फॉन्ट तपासायचा होता. श, ष, क्ष, श्र, ष्ट, ही सगळी अवघड मंडळी खचाखच भरलेला मजकूर हवा होता. कुणाच्या तोंडात श आणि ष खचाखच भरलेले असतात?

बोटं आपोआप चालायला लागली म्हणे.

तिने लिहिलं ते असं:

"पोरी, शब्दाशी शत्रुत्व नको! श शेंडीफोड्या, ष पोटफोड्या, मी शिट्टीफोड्या. आयुष्यभर शुद्धलेखनाची शिस्त शिकवली, शेवटी शिल्लक काय? श्श्शी! आमची ही शेवटच्या श्वासाशी आली, दृष्टी शून्य, शुद्ध शून्य, कुणाला ओळखेना. मी उशाशी बसून म्हटलं, शुद्धीवर ये, श्श्शी! तशी ही डोळे मिटूनच म्हणाली, अहो, शिट्टी झाली, कुकर उतरवा!"

रिकाम्या ऑफिसात तिने ते मोठ्याने वाचलं. शिट्ट्यांसकट. एकटीच हसली. ष च्या पोटातली रेघ अगदी स्वच्छ दिसत होती.

यातलं कुकरचं सोडलं तर बाकी खरं होतं. काकांची कवळी इतकी सैल का, ते नवी का करून घेत नाहीत, यावर ऑफिसात दहा वर्षं विनोद चाललेत. कारण फक्त मावशीला माहीत होतं. काकू गेल्या तेव्हा शेवटचे चार दिवस त्यांना काही दिसत नव्हतं, कुणाचा आवाज ओळखू येत नव्हता. काका बोलले की मात्र म्हणायच्या, "शीळ ऐकली. आलात तुम्ही." म्हणून काकांनी दात नीट करून घेतले नाहीत. हे त्यांनी एकदा, एकदाच, मावशीला जिन्यात सांगितलं होतं. आणि वर म्हणाले होते, "कुणाला सांगू नकोस गं, शोभत नाही."

पान जतन करून पुन्हा उघडल्यावर रेघ टिकते का, हे बघायला तिने मजकूर जतन केला. टिकली. मग तिने प्रोग्रॅम बंद केला. दोन पानं उघडी असताना. आणि एक ओळ टाइप करून नवा साचा सगळ्या टेबलांचा डिफॉल्ट केला. एंटर. दिवे बंद केले, कुलूप लावलं, रविवारी आमच्याकडे येऊन दोन वाट्या गोड खाल्लं.

सोमवारी ती आठ वाजल्यापासून विश्वस्तांच्या खोलीत खुर्च्या मांडत होती, मोठा पडदा जोडत होती. बाहेर दहा वाजता वार्ताहराने पहिलं पत्र उघडलं.

"अरे! हे बघा काय आलंय! ए, इकडे या, शिट्टीवर कुणीतरी काव्य केलंय!"

"माझ्याकडेही आलंय!" पलीकडून जाहिरातवाली.

"माझ्याकडेही! मी खोडलं, दुसरं पत्र उघडलं, तर तिथेही!"

वार्ताहराने उभं राहून खणखणीत आवाजात सगळं वाचलं. त्याला शीळ नीट जमत नाही, नुसती फुंकर निघते, असं मावशीचं मत आहे. पण कुकरला अख्खं ऑफिस कोसळलं.

काका त्यांच्या टेबलाशी होते. त्यांनीही नवीन फॉन्ट बघायला उत्साहाने पत्र उघडलं होतं. चष्मा पुसून त्यांनी ते पान वाचलं. खोडलं. पत्र बंद केलं. दुसरं उघडलं. पान तिथेच. खोडलं. तिसरं. पान तिथेच. टाकाऊ मशीनमधलं खोडणंही मशीनबरोबर टाकलं जातं, साच्यातलं जागेवर राहतं, हे त्यांना कोण सांगणार? वार्ताहर समोरच बसतो, त्याने मोजलं. अकरा वेळा. "मान खाली घालून म्हातारा खोडतोय, परत येतंय, खोडतोय, परत येतंय. मी म्हटलं, काका, सोडा, ते तुमच्या प्रेमात पडलंय!"

ते कुणी लिहिलं असेल यावर बाहेर पैजा लागल्या. काकांनी पैज लावली नाही. जिन्यातली गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली होती.

साडेअकराला विश्वस्त आले. त्यांची अध्यक्ष एक निवृत्त डॉक्टरीणबाई, बोलताना समोरच्याची जीभ तपासल्यासारखं बघणारी. संपादक तिच्या डाव्या हाताला, कंपनीवाला उजव्या, काका दाराजवळच्या खुर्चीत. बाहेरचा गोंधळ मावशीच्या कानावर आला होता, पण कशाबद्दल ते कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिने छान सुरुवात केली. पाहुणा, नवं घर, पाडलेल्या भिंती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे आमच्या हातमोज्यांसारखं. प्रत्येक रोग्याला नवी जोडी." मावशी खूश झाली. "अगदी तसंच," म्हणत तिने पडद्यावर एक पत्र उघडलं.

डावीकडे पत्र. मध्ये नियम. उजवीकडे, ठसठशीत फॉन्टमध्ये, "पोरी, शब्दाशी शत्रुत्व नको!"

संपादकांनी चष्मा वर केला आणि वाचायला लागले. मोठ्याने. त्यांना काहीही मनात वाचता येत नाही. कुकरपर्यंत वाचून त्यांनी हसू खोकल्यात घातलं. "थोडक्यात सांगायचं तर, बाई, हे काय आहे?"

कंपनीवाला पुढे सरकला. हा माणूस मावशी ओठांचा चंबू करून काढते. "बेसिकली मॅडम, यू सी, कुणीतरी आत घुसलंय. बेसिकली तुमची सगळी सिस्टिम गेलीय. आमच्याकडे असं बेसिकली होतच नाही."

"बाहेरून घुसलंय?" डॉक्टरीणबाईंनी मावशीकडे बघितलं.

मावशीच्या डोक्यात काय चाललं होतं ते तिने आम्हाला नंतर सांगितलं, बोटांवर मोजून. हो म्हटलं तर साचा फुटला असं ठरेल आणि जागा कंपनीला. नाही म्हटलं तर ते आपण लिहिलं.

तेवढ्यात दाराजवळून काका म्हणाले, "बाहेरच्याच कुणाचा तरी उद्योग असणार. टपालातून आलं असेल. हो ना गं, पोरी?"

हा आवाज मावशी फार सुंदर काढते. प्रत्येक वेळी तो 'गं' जरा लांबवते. म्हातारा सरळसरळ दार उघडून धरत होता. जा, बाहेर पड, मी काही ऐकलं नाही, मी तुला जिन्यात काही सांगितलं नव्हतं. बरं, बाहेरून आलं म्हटलं की तिची जागाच जाईल हे त्यांना कुठे ठाऊक होतं! त्यांना वाटलं, आपण पोरीला वाचवतोय.

"नाही," मावशी म्हणाली. "बाहेरून येऊच शकत नाही. साच्यात असेल तेच इथे दिसतं. आणि साच्यात फक्त मी लिहू शकते. हे मी लिहिलंय."

आणि तिने ते सिद्ध करून दाखवलं! एरवी तीन शब्दांची ही बाई पंधरा मिनिटं बोलली. टाकाऊ मशीनमध्ये पान खोडून दाखवलं, मशीन बंद केलं, नवं काढलं, पान परत आलं. मग साचा उघडून तिथलं पान खोडलं, नवं मशीन काढलं, पान गेलं. पुन्हा साच्यात लिहिलं, पान आलं. कुकर गेला, कुकर आला, कुकर गेला. कंपनीवाल्याला तिने विचारलं, "आता सांगा, घुसलंय कुठून?" तो म्हणाला, "बेसिकली..." आणि तिथेच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "म्हणजे यंत्रणा चोख आहे. घाण तुमची स्वतःची आहे."

"हो," मावशी म्हणाली.

"मला यंत्रणेशीच कर्तव्य आहे." मग त्या काकांकडे वळल्या. "कर्मचाऱ्यांच्या वतीने तुमचं काय म्हणणं?"

काका उभे राहिले. त्यांनी कोटाचं बटण लावलं. "माझी शि..."

शीळ निघाली. बारीकच. दाराबाहेर कान लावून उभ्या असलेल्या वार्ताहराच्या नाकातून फुर्रकन हसू सांडलं आणि संपादकांना पुन्हा खोकला आला.

काकांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "माझी हरकत नाही."

जागा मावशीला मिळाली. टेबलावर पाटी आली, फिरती खुर्ची आली. साचा तिने त्याच दुपारी साफ केला, एका मिनिटाचं काम. पण वार्ताहराने तोवर पान छापून खिशात घातलं होतं, म्हणजे तेही गेलं नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात खरी मजा सुरू झाली. काकांनी श सोडला.

म्हणजे बोलणं सोडलं नाही, श आणि ष सोडले. पहिल्यांदा जाहिरातवालीच्या लक्षात आलं. तिने एका पानात किती ओळी बसतात म्हणून विचारलं, तर काका थबकून म्हणाले, "नव्व्याण्णव आणि एक." ऑफिस दोन दिवस त्यावर जगलं. मग सगळे कामालाच लागले. वार्ताहर शनिवारी मुद्दाम विचारतो, "काका, आज वार कोणता?" काका म्हणतात, "रविवारच्या आधीचा." "काका, पेनात काय भरलंय?" "लाल." "लाल काय?" "लाल पाणी." शेजारच्या इमारतीला 'पलीकडची' म्हणतात. प्रश्नाला 'विचारलेलं'. शुद्धलेखनाबद्दल तर बोलतच नाहीत, चूक दिसली की नुसती गोल करून कागद पुढे सरकवतात. ज्याने आयुष्यभर ष च्या पोटासाठी भांडणं केली, तो आता कुणी 'विशेश' लिहिलं तरी तोंड उघडत नाही. संपादकही एकदा खेळले. "थोडक्यात सांगायचं तर, काका, दहा गुणिले दहा किती?"

मावशी हे सगळं घरी आणते. आम्हाला आता जुनी नक्कल नको असते, नवीच हवी असते. शिट्टीपेक्षा शिट्टी चुकवताना काकांचा चेहरा कितीतरी भारी होतो. शब्द दातापर्यंत येतो, गाल आत जातात, डोळे वरच्या कोपऱ्यात दुसरा शब्द शोधतात. मावशी ते शोधणं सुद्धा काढते.

परवाची गोष्ट. काका तिच्या टेबलापाशी आले. फिरत्या खुर्चीपासून दोन हात लांब उभे राहिले. सिस्टिममध्ये काहीतरी नवीन भरलं गेलं होतं आणि फॉन्ट पुन्हा बिघडला होता.

"अहो," काका म्हणाले.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. अहो. मावशीला. आईच्या हातातला डाव इथे थांबला, पण मावशी थांबली नाही.

"अहो, बाई. तुमच्या त्या मजकुरातली..." आणि अडकले. शब्द होता 'अक्षरं'. त्यात ष आहे, क ला चिकटून. "ती... नीट दिसत नाहीत."

ऑफिसातले सगळे कीबोर्ड बंद पडले. वार्ताहर खुर्चीतून अर्धा उठला. मावशीला शब्द माहीत होता. तो तिला त्यांनीच शिकवला होता, सुट्टा करून, पोट फोडून. तिने फक्त एवढंच म्हणायचं होतं, "अक्षरं ना? करते."

"काय दिसत नाही, काका?" मावशी म्हणाली.

काकांनी तिच्याकडे बघितलं.

"ती... लिहिलेली."

"लिहिलेली काय? नीट सांगा ना, मला कळलं नाही."

"वळणं," काका म्हणाले. "काळी वळणं. राहू द्या, अहो. मी भिंग आणतो घरून."

ते वळले तेव्हा वार्ताहराने टेबलावर थाप मारली आणि अख्खं ऑफिस फुटलं. मावशीला कुणीतरी टाळी द्यायला हात पुढे केला. एकोणीस वर्षांत तेही पहिल्यांदा. तिने दिली.

"परत कर, परत कर, ते काळी वळणं परत कर," आम्ही ओरडलो. मावशीने घास गिळला, पाणी प्यायली, खुर्ची मागे सरकवून उभी राहिली आणि परत केलं. हुबेहूब. आईसुद्धा हसली, तोंडावर पदर धरून. मग मावशीने आणखी वाढून घेतलं.